ठरल्याआधी येण्याचं कारण

माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि आता बसला आहे असंही समजू नका. या सदरातलं मी सगळं वाचते… कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या मागे पावलं वाजतात… आणि वाचून झालं की सुनेला म्हणते, "यायले काही कामधंदा नाही का व?" आता तीच वैशाली मला म्हणते, "आई, मंग तुमचंबी लिहा ना." म्हणून लिहिते. शाळेत मी चौथीपर्यंत गेली, बाकीचं वाचणं-लिहिणं मासे विकता विकता शिकली. चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव लाखांदूर तालुक्यातलं. नाव देत नाही, कारण लोक डोंगा पाहायला येतील आणि चहा मलाच करावा लागेल. आम्ही तलावावरची माणसं, मासे आणि शिंगाडे हेच आमचं. घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आणि घरामागे दोन दगडांवर उपडा टाकलेला आमचा डोंगा, मासे धरायची लाकडी होडी. सात वर्षांपूर्वी आमचे हे गेले, तेव्हापासून तो पाण्यात उतरला नाही. मुलगा वरठीच्या कारखान्यात जातो, त्याचा जीव तलावात नाही.

आमची काम करायची एक रीत होती, ती आधी सांगते. हे डोंग्यात, मी पाळीवर जाळ्याचा दोर धरून. वारा सुटला की आवाज पोचत नाही, आणि तसंही हे ओरडणारे नव्हतेच. डोंग्याच्या काठावर वल्हं मारायचे… ठक… मग दोन लागोपाठ, ठक-ठक. म्हणजे जाळं फाटलं, ओढ. मी वाद घालायची, "कुठं फाटलं? दिसत त नाही." हे म्हणायचे, "तुले दिसीन तवा मासे घरी गेले राहीन."

आता माझा आजार. पहिल्यांदा नाकातून रक्त आलं, मग पायांवर जांभळे ठिपके, मग दम. आधी सर्दी म्हणाले, मग टीबी. शेजारच्या शांताबाईनं करणी काढली. शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नाव कळलं – व्हॅस्क्युलायटिस. आपलंच शरीर आपल्याच रक्ताच्या नळ्या कुरतडतं, त्या सुजतात, गळतात. डॉक्टर मॅडम समजावत होत्या, मी म्हटलं, "समजलं. आमच्याकडे खेकडे जाळं कातरतात, तसं." मॅडम हसल्या, पण दुसऱ्या पेशंटला त्या तेच सांगत होत्या, मी ऐकलं आहे.

या आजाराची खोड अशी की तो जातो आणि परत येतो. माझा दोनदा परत आला. दुसऱ्या वेळी किडनीला लागला. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, किडनी यावेळी वाचली, पुन्हा असाच मार बसला तर वाचेलच असं नाही, मग आयुष्यभर मशीन. आठवड्यातून तीनदा नागपूर. मला मरणाची नाही, त्या मशीनची भीती वाटली. बांधलेलं जनावर होऊन जगायचं… नको.

तेव्हा दवाखान्यातल्या एका औषधाच्या अभ्यासाचं निघालं. लॅबमध्ये बनवलेली एक अँटीबॉडी असते, ती सलाइनमधून देतात, आणि ज्या पेशींमुळे हा घोळ होतो त्या ती वेचून काढते. आजार दबलेला असताना ती दर सहा महिन्यांनी देत राहिलं तर तो परत यायचा थांबतो का, हे बघायचं होतं. अर्ध्या लोकांना खरं औषध, अर्ध्यांना नुसतं मीठपाणी. पिशवीवर खाकी कव्हर.

"कुणाला काय मिळतंय ते मलाही कळणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग तुमी इतकं शिकल्या काहून जी?" मी विचारलं.

घरात सगळे नको म्हणाले. मुलगा म्हणाला, आई, तू काय उंदीर आहेस का. मी संमतीची सगळी पानं घरी आणली, दोन दिवस बोट ठेवून वाचली, न कळलेल्या जागी पेन्सिलनं फुल्या केल्या, आणि फुल्या विचारून झाल्यावरच सही केली. उंदीर सही करत नाही.

पहिली पिशवी लागली, सहा महिन्यांनी दुसरी. तब्येत छान. दर तीन महिन्यांनी तपासणी, मधल्या काळात मी शिंगाडे उकडत होती.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारचे तीन वाजले असतील, लख्ख ऊन. मी अंगणात चुलीवर शिंगाड्यांचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवून बसली होती. आणि घरामागून आवाज आला. ठक… ठक-ठक.

माझा हात आपोआप पुढं गेला, दोर ओढायला. पन्नास वर्षांची सवय. मग मी उठून मागे गेली. डोंगा जसाचा तसा उपडा, त्यावर वाळत घातलेली गोधडी. कुत्रं नाही, वांदर नाही. लाकूड तापलं असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तीनलाच पुन्हा. ठक… ठक-ठक. आता मात्र मला राग आला. चुलीतली राख टोपल्यात भरली आणि डोंग्याभोवती पसरली, चांगली हातभर रुंद. जो कोणी मस्करी करत असेल त्याचा पाय उमटलाच पाहिजे.

तिसऱ्या दिवशी मी राखेसमोर पाट टाकून बसली. वैशाली भिंतीशी तांदूळ निवडत होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. तीन वाजले, आणि माझ्या डोळ्यांदेखत, डोंगा हलत नाही, राख हलत नाही, आणि आवाज. ठक… ठक-ठक.

वैशालीनं सुपातून मान वर केली. "आई, कोण ठोकून राहिलं जी?"

मी म्हटलं, "तुझे मामाजी." म्हणजे तिचे सासरे, आमचे हे.

ती पांढरी पडली. माझी काही गंमत करायची इच्छा नव्हती, तोंडातून निघून गेलं.

संध्याकाळपर्यंत शांताबाई हजर. "वहिनी, भाऊजी बोलावून राहिले तुले. डोंग्यावर नारळ फोड, दिवा लाव."

"जिवंतपणी कधी नावानं बोलावलं का त्यायनं मले?" मी म्हटलं. "ठोकायचे ते कामासाठी. नारळ फोडला त चटणी करीन मी त्याची."

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एकच विचार. ठक, ठक-ठक म्हणजे ये असं नाही. म्हणजे जाळं फाटलं. आणि माझ्याकडे आता एकच जाळं उरलं आहे, हे आतलं.

पुढची तपासणी दीड महिना लांब होती. त्रास काही नव्हता. नाक साफ, पाय साफ, भूक दणकून. सकाळी मी पिशवी भरली.

वैशाली दारात आडवी. "कायले चालल्या? काही दुखते का?"

"नाही."

"मंग डॉक्टरले काय सांगाल?"

"पाहू."

एसटीनं लाखांदूर, तिथून पवनीवरून नागपूर. पूर्ण रस्ता मी स्वतःशीच भांडत गेली. दवाखान्यात अभ्यासाचे कागद सांभाळणारी रुचिता म्हणून एक हुशार मुलगी आहे. तिनं फॉर्म काढला. "आजी, तुमची तारीख तर पुढं आहे. ठरल्याआधी येण्याचं कारण लिहावं लागतं."

आता काय सांगू? डोंगा वाजला? वेडी म्हणून अभ्यासातून काढून टाकतील, वाटलं. मी म्हटलं, "पाय दुखते." तिनं लिहिलं – पायदुखी, तीन दिवसांपासून.

रक्त घेतलं, लघवी घेतली. दुपारी मॅडम स्वतः बाहेर आल्या, रिपोर्ट हातात. लघवीत रक्त होतं, डोळ्याला न दिसणारं. किडनीचा आकडा चढायला लागला होता. आजार तिसऱ्यांदा परत आला होता, आणि मला पत्ता नव्हता.

"अगदी सुरुवातीलाच पकडलं," त्या म्हणाल्या. "दीड महिन्यानं आल्या असत्या तर आपण मशीनचं बोलत बसलो असतो."

अभ्यासाच्या नियमाप्रमाणे आता खरं औषध द्यायचं होतं, कव्हर न घातलेलं. त्याच आठवड्यात दिलं. आकडा खाली आला आणि खालीच आहे. अभ्यास संपल्यावर कळलं, माझ्या खाकी पिशव्यांमध्ये मीठपाणी होतं. मी रागावली नाही. मी सही केली होती.

हे इथं संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. पण पुढच्या तपासणीला रुचितानं सहज सांगितलं, "आजी, तुमची पायदुखी आम्ही आजार परतण्याचं लक्षण म्हणून नोंदवली." म्हणजे माझं खोटं आता शास्त्रात गेलं. उद्या कुठंतरी एखादी बाई पाय दुखला नाही म्हणून घरी बसून राहील.

मी म्हटलं, "मॅडमले बोलाव. खोडायचं आहे."

मॅडम आल्या. मी खुर्चीत बसली आणि सगळं सांगितलं. डोंगा, राख, वैशाली, सगळं. बाजूच्या दोन नर्सा खाली बघून हसत होत्या. हसू द्या.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शरीराला कधी कधी आधी कळतं. तुम्हाला ओळखीची खूण होती, मनानं ती वापरली असेल."

"असेल," मी म्हटलं. "मंग वैशालीच्या मनाले माझी किडनी कशी कळली?"

आणखी एक गोष्ट मी तेव्हा सांगितली, ती इथंही सांगते. नागपूरहून परतल्यावर मी ते जुनं वल्हं काढलं आणि वैशालीला बाजूला उभं करून डोंग्यावर मारलं. भद्द. पुन्हा मारलं, काठावर मारलं, बुडावर मारलं. भद्द, भद्द. जमिनीवरचा कोरडा डोंगा तसाच वाजतो. आम्ही तिन्ही दिवस जो आवाज ऐकला तो पाण्यावर तरंगणाऱ्या डोंग्याचा होता, खाली खोल पाणी असलेला, घुमणारा. पन्नास वर्षं ऐकला आहे मी तो. हे कसं, मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटतं, त्यांनी आधी एक डोंगा घ्यावा आणि वाजवून बघावा.

अभ्यासाच्या कागदावर खोडरबर चालत नाही. रुचितानं 'पायदुखी'वर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि वर लिहिलं – लक्षण नव्हतं. घरी ओळखीचा इशारा ऐकू आला, म्हणून आल्या. त्याखाली कारणांचे चौकोन होते. आजारामुळे, औषधामुळे, इतर, अज्ञात. मॅडमनी 'अज्ञात'वर खूण केली आणि खाली माझी सही घेतली.

शांताबाईला मी हेच सांगितलं. अज्ञात म्हणजे भूत नव्हे, देवी नव्हे, आणि म्हातारीच्या मनाचे खेळही नव्हेत. अज्ञात म्हणजे अज्ञात, मोठ्या दवाखान्याच्या कागदावर त्याला जागा आहे, आणि तिथं माझी सही आहे.

डोंग्यावर मी नारळ फोडला नाही. गोधड्या अजून त्याच्यावरच वाळत घालते. त्यानंतर तो वाजला नाही. वाजला, तर त्याच दिवशीची एसटी धरीन आणि येण्याच्या कारणाच्या रकान्यात यावेळी आधीपासूनच खरं लिहायला सांगीन.