अक्काचं धाबं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा एवढं गिळूनच बाकीचं बोलले. देवाला काय, माहीतच असणार — पण त्याला माहीत असणं वेगळं आणि आपल्या तोंडाने सांगणं वेगळं. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच तर जीभ उचलते आहे.

गोष्ट घराच्या छपराची आहे. हसू नका.

माझं माहेर जळगावचं. वडील कापसाच्या जिनात कारकून, आणि जिनाच्या आवारातल्या आमच्या घरावर पत्रे. पहिली लढाई संपून काही वर्षं झाली होती तेव्हा लग्न होऊन अमळनेरजवळच्या खेड्यात आले, तर सासरी धाबं — लाकडी कड्या, त्यांवर तुराट्या, त्यांवर हातभर माती. घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार राहायचं, हे मी नाकारत नाही. वैशाखात बाहेर कावळे सावली धुंडायचे आणि आत आम्ही दुपारी अंगावर पांघरूण घेऊन निजायचो. पण भाकरी थापताना परातीत माती पडायची. माहेरची माणसं आली की वर बघायची, मग एकमेकांकडे बघायची. मला तेवढंच दिसायचं.

त्या धाब्याची खरी धनीण अक्का, माझी थोरली नणंद. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, तेव्हापासून भावाकडे. दर वर्षी पाऊस लागायच्या आधी ती नाल्याकाठची खारी माती आणायची, धाब्यावर पसरून चोपायची, पाणी वाहून जायच्या पन्हाळाकडे उतार द्यायची. साधी माती पावसात भेगाळते. खारी घट्ट बसते, पाणी आत सोडत नाही. आणि खरी खारी कोणती, हे ती चिमूटभर जिभेवर ठेवून ओळखायची. गल्लीतल्या बायका पदरात माती बांधून यायच्या — "अक्का, जरा चाखी दे ना वं माय." हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नव्हतं. पण ज्येष्ठ आला की तिच्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

मी पत्र्यांचं टुमणं लावलं. हे एकच म्हणायचे, "अक्का शे तवलगून धाबाले काही व्हवाव नही." म्हणजे अक्का आहे तोवर धाब्याला हात लागणार नाही; माझ्या आड येत होतं ते धाबं नव्हे — अक्का!

श्रावणात झड लागली. दुपारी अक्का देवळात पोथी ऐकायला गेली. मी शिडी लावली, जुन्या लुगड्याचा बोळा केला आणि पन्हाळात कोंबला. एवढंच. किती वेळ लागला असेल? दूध उतू जायला लागतो तेवढा. उतरताना वाटलं, दोन थेंब गळतील, हे चिडतील, पत्रे येतील. बस्स.

पाणी धाब्यावर तुंबलं. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी टपटप सुरू झाली आणि संध्याकाळी कोपऱ्यातली कडी वाकून मातीचा ढिगारा थेट अक्काच्या अंथरुणावर आला. ती तेव्हा भाकरी करत होती म्हणून वाचली. निजलेली असती तर? तेव्हा मी हे स्वतःला विचारलं नाही. आता रोज विचारते.

ती शिडीकडे धावली. मी आडवी आले — तुम्ही नका भिजू, मी बघून येते. वर जाऊन बोळा उपसला, कमरेला खोचला आणि खाली येऊन सांगितलं, पन्हाळ मोकळं आहे. करून सवरून नामानिराळी. तिने पदराने माझे ओले केस पुसले. "गुणनी शे वं मन्ही वहिनी."

मग ती ढिगाऱ्यापाशी बसली. चिमूटभर माती जिभेवर ठेवली. थुंकली. पुन्हा ठेवली. "खारी तं शे," ती यांच्याकडे बघून म्हणाली, "का नही? माले आते समजत नही, भाऊ." हे ढिगारा उपसायला लागले. पण अक्काची माती चुकली, असा गल्लीभर बोभाटा झाला. पुढच्या ज्येष्ठात एकच बाई माती घेऊन आली, आणि तिला अक्कानेच परत पाठवलं. आपली जीभ फसते, म्हणाली.

पत्रे आले. मी घरोघर साखर वाटली — खोटं कशाला सांगू? पहिल्याच उन्हाळ्यात घराची भट्टी झाली. मग पत्र्याखाली तट्ट्या बांधल्या, वर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, दाराला ओलं गोणपाट लावलं. पावसाळ्यात तेच सगळं कुबट होऊन त्यात किडे पडायचे, पत्र्याला आतून घाम सुटायचा. थंडीत शेगडी पेटवली तरी ऊब टिकत नव्हती. दर वर्षी काही ना काही नवं करत होतो आणि अक्का खाली बसून बघत होती. काय करावं, असं मी एकदा विचारलंही. "मन्हा हातले यश नही," ती म्हणाली.

तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. तिने मला शिवीसुद्धा दिली नसती. पण तिच्या लेखी मी गुणाची होते, आणि मला ते आवडत होतं. लाज वाटते सांगायला, पण आवडत होतं.

मग एका वैशाखात ती अंथरुणाला खिळली. हे वैद्याला आणायला गेले होते. भरदुपारी पत्रा कडकड वाजत होता. मी तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत होते, विंझण्याने वारा घालत होते. तो वाराही गरमच. तिने माझा हात धरला.

"वहिनी, मन्ही चूक व्हयनी आन् तुम्ही बठ्ठा या आगमा भाजाई राह्यनात. माले माफ करशी ना?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. तोंड उघडायला याहून चांगली वेळ कोणती? मी तोंड उघडलं.

"जाऊ द्या अक्का," मी म्हणाले, "मी तर केव्हाच माफ केलं."

तिने माझा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. मी लावू दिला.