देवाला वाहिलेली डॅफोडिल्स

आयर्लंडमध्ये वसंत एक फेब्रुवारीला येतो. हवा काहीही म्हणो, लोक तसं मानतात. २०२१च्या त्या सकाळी ओंगार उपनगरातल्या आमच्या शेजारीणबाई कुंपणापलीकडून, तोंडातून वाफा सोडत म्हणाल्या की, आला बरं का वसंत. बाबांनी कानटोपी आणखी खाली ओढली आणि मला हळूच विचारलं, यांची तब्येत बरी आहे ना.

बाबा नागपूरचे. तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि लॉकडाऊनमुळे वर्षभर अडकले. थंडी त्यांनी सोसली, पण पूजेला फुलं नाहीत याचा त्यांना भयंकर राग होता. नागपुरात ते पहाटे पिशवी आणि आकडीची काठी घेऊन निघत आणि अख्ख्या कॉलनीतली जास्वंद, कण्हेर, तगर गोळा करून आणत. फुलं दुसऱ्याच्या कंपाउंडातली, हात बाबांचा, पुण्य बहुधा निम्मंनिम्मं. याला चोरी कुणी म्हणत नसे, कारण ज्यांची फुलं जात तेही त्याच वेळी पुढच्या गल्लीत पिशवी घेऊन फिरत असत. सुपरमार्केटमधली फुलं बाबांना चालत नसत. फ्रिजमधल्या फुलांनी म्हणे देवाला सर्दी होईल.

तर महिनाअखेरीस एका सकाळी आमच्या देव्हाऱ्यात तीन पिवळीधमक डॅफोडिल्स दिसली. बाबा खुशीत होते. "आला बाप्पा वसंत," म्हणाले. कुठून आला हे विचारणार, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

शेजारीणबाई दोन मीटर मागे सरकून उभ्या होत्या. तुमच्याकडे कोल्हा येतो का, त्यांनी विचारलं. त्यांच्या वाफ्यातली पहिली तीन फुलं कुणीतरी नेली होती, बाकी सगळ्या अजून कळ्याच होत्या. त्यांचे यजमान वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये, भेट फक्त खिडकीच्या काचेतून. गेल्या काही भेटींत ते बायकोला ओळखतही नव्हते. वाफा यजमानांनीच लावलेला, म्हणून आज ती फुलं न्यायची होती. बघून काही आठवलं तर आठवलं. "इट्स ग्रँड," त्या शेवटी म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे, चालायचंच. या देशात घर जळालं तरी हेच म्हणतात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा मागून पुढे आले आणि सरळ इंग्रजीत म्हणाले की, कोल्हा नाही, मी नेली, देवासाठी.

मी किचनमधल्या देव्हाऱ्याकडे धावले, तर बाबा आडवे आले. "वाहिलेलं फूल असं ओढून नाही काढत. देवालेच मागतो मी, प्रसाद म्हणून." मग हात जोडून ते काहीतरी पुटपुटत राहिले. बाई थंडीत दारात उभ्या, आणि इथे देवाशी वाटाघाटी चाललेल्या. शेवटी मंजुरी मिळाली असावी. पाकळ्यांवर कुंकू लागलेलं होतं. मी फुलं नळाखाली धरायला गेले, तर प्रसाद धुवत नाहीत म्हणून बाबांनी मलाच झापलं. दारात मात्र सॉरी म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी फुलं पुढे केली. बाई फुलं घेऊन निघून गेल्या. त्या दिवशी आम्ही दोघंही धड जेवलो नाही.

संध्याकाळी त्या फाटकाशी आल्या. नर्सने फुलं आत नेऊन यजमानांच्या हातात दिली होती. त्यांनी पाकळीवर बोट फिरवलं, लाल झालेलं बोट निरखलं आणि मग काचेकडे बघितलं.

"त्याला वाटलं, ती माझी लिपस्टिक आहे," बाई म्हणाल्या. "फुलाचा मुका घेऊन पाठवलंस ना, म्हणाला. मला नावाने हाक मारली त्याने."

बाबा लगेच ते देवाचं कुंकू असल्याचा खुलासा करू लागले. मी त्यांच्या पायावर पाय दिला. मला रडू आवरत नव्हतं.

पुढच्या भेटीच्या दिवशी बाई ओंजळभर डॅफोडिल्स घेऊन आल्या. तो लाल रंग लावून द्या म्हणाल्या. बाबांनी कुंकवाचा करंडा आणून कुंपणाच्या कठड्यावर ठेवला आणि ते मागे सरकले. बाईंनी त्यात बोट बुडवलं, आधी ते ओठांवरून फिरवलं, आणि मग एकेका फुलाचा मुका घेतला.