किलकिले मॅडम

कुठलाही स्क्रीन समोर आला की मॅडम आधी चष्मा काढायच्या, खुर्ची मागे सरकवायच्या आणि डोळे इतके बारीक करायच्या की आता झोपतात की काय असं वाटावं. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे 'किलकिले मॅडम' म्हणत. मी नवी. मला ते आडनाव वाटलं आणि पहिल्याच दिवशी मी अदबीने तशी हाक मारली. त्या म्हणाल्या, "हे माझं माहेरचं की सासरचं, तेही सांगून ठेव."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यात जो तो कॉम्प्युटर शिकत होता. मुलं शाळेत जायला लागल्यावर मीही एक कोर्स केला आणि प्रभात रोडवरच्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर, एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चिकटले. तात्पुरती. मी मांडलेला पहिला स्क्रीन जमला तर कायम, नाहीतर घरी. आणि घरी मी 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' असं इतकं मिरवलं होतं, की सासूबाई शेजाऱ्यांचे बिघडलेले टीव्ही माझ्याकडे धाडायला लागल्या होत्या. आता कुठल्या तोंडाने परत जाणार?

काम होतं विश्रांतवाडीच्या एका दवाखान्याचं. काउंटरवर पेशंटचं नाव नोंदवायचा स्क्रीन. रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवत. रुखवत मांडावं तसा मी तो स्क्रीन मांडला. मागे राणी रंग, त्यावर पोपटी चौकटी, प्रत्येक मथळ्याचं अक्षर निराळं, वर दवाखान्याचं नाव सरकतंय आणि कोपऱ्यात लुकलुकणारी समई. मॅडमनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. लग्न कधी आहे?"

मग मला शेजारी बसवलं. "तूही डोळे मिटत आण. धूसर झाल्यावर जे उरतं, तेच माणसाला आधी दिसतं. काय दिसतंय?"

"समई."

"आणि पेशंटचं नाव कुठे लिहायचं?"

मी शोधत राहिले. "सगळेच ओरडायला लागले तर ऐकायचं कुणाचं?" त्या म्हणाल्या. "आणि रिकामी जागा म्हणजे बिल्डरला दिलेला प्लॉट नव्हे गं, दिसली की बांधलं!"

मला हे पटेल? छे! डब्याच्या वेळी मी जाहीर केलं की बाईंना रंगांचं वावडं आहे. ते अर्थातच त्यांच्या कानावर गेलं. "ठीक आहे," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझाच स्क्रीन लावून बघू. फक्त काउंटरवर तू बसायचंस."

बसले. मॅडम सोबत होत्याच. पहिलेच एक आजोबा आले. मी नाव विचारलं, टाइप केलं आणि ऐटीत सगळ्यात मोठं लाल बटण दाबलं. ते 'पुसा'चं होतं. राणी रंगावर लाल उठून दिसेना म्हणून मीच ते मोठं केलं होतं. पुन्हा नाव, पुन्हा तेच बटण. आजोबा बिचारे एकेक अक्षर तोडून, मोठ्याने नाव सांगायला लागले. त्यांना वाटलं मला कमी ऐकू येतं. मागे रांग वाढत गेली. शेवटी कडेवर तापलेलं मूल घेतलेली एक बाई कडाडली, "ताई, तुम्हाला येत नसेल तर ज्यांनी बनवलंय त्यांना बोलवा ना!"

"बोलावते हं," मॅडम माझ्या मागून म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

परतताना रिक्षात मी डोळे पुसत विचारलं, "उद्यापासून येऊ नको ना?"

"का? 'वापरणारा चुकला तर चूक आपली' असं मी घसा फोडून सांगते, ते पटवून द्यायला इतकी मनापासून चुकणारी बाई मला दुसरी कुठे मिळणार? यापुढे प्रत्येक स्क्रीन आधी तुझ्यापुढे ठेवायचा. तू चुकलीस की आम्ही सुधारायचं."

अशी मी कायम झाले. चुकण्यासाठी! समई गेली, राणी रंग गेला. मी एक गोष्ट काढली की त्या म्हणत, "अजून एक काढ." रांग पुढे सरकायला लागली, तेव्हा कुठे मी रुखवतातून बाहेर आले.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. शेवटी त्या आमच्याच सोसायटीत राहत होत्या. श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं आणि सोबत नमुना पाठवला: कोपऱ्यात मॅडम आणि खाली सगळे सभासद ओळीने, हात जोडून. गेलंय कोण तेच कळेना. मी नातीच्या लॅपटॉपवर बसले. आधी चारही कोपऱ्यांत गुलाब टाकलेच. जित्याची खोड, दुसरं काय! मग ते काढले. मग एकेक चेहरा काढत गेले. मधोमध मॅडमचा फोटो, खाली नाव, बाकी सगळं पांढरं.

चेअरमन धावत आले. "अहो काकू, आमचे फोटो?"

"तुमचे तुमच्या वेळी लावू," मी म्हटलं.