सफुराचा चुन्याचा पट्टा

दिघीच्या खाडीवरच्या चढणीला सफुराचं घर होतं. त्याचं पुढचं दार पावसाळ्यात लागत नसे. आंब्याच्या फळ्या फुगायच्या आणि दार दिवाळीपर्यंत अर्धं उघडं राहायचं. घरात शिरणाऱ्या कोंबड्या हाकलता हाकलता सफुरा म्हातारी झाली, पण दाराला तिने कधी नाव ठेवलं नाही. ते तिच्यामुळेच तसं झालं होतं.

ही साधारण एकोणीसशे सत्तावीस सालची गोष्ट. घरामागे त्यांची झाडांनी भरलेली जमीन होती आणि तिच्या बांधाला लागून सरकारी शिकारीचं राखीव रान. रानाच्या हद्दीवरच्या झाडांना चुन्याचे पट्टे मारलेले असत. पट्ट्याच्या आत बार काढला तर बंदूक जप्त, घाव घातला तर कुऱ्हाड जप्त. पट्ट्याबाहेर ज्याची जमीन तो राजा. पाखरांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. धनेशाच्या एका जोडीने एवढं मोठं राखीव रान सोडून नेमका सफुराच्या बेहड्याच्या झाडात संसार थाटला.

धनेशाची मादी ढोलीत बसते आणि तोंड लिंपून घेते. फटीएवढीच जागा ठेवते. नर दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून भरवतो. तो मेला तर आतली पिल्लांसकट उपाशी मरते. सफुराचा नवरा इक्बाल गलबतावर तांडेल. पावसाळा सरला की मलबारकडे जायचा, तो वैशाखात परतायचा. त्यामुळे तिला हे वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. नराला यायला उशीर झाला की ती हातातलं काम टाकून बांधावर जाऊन उभी राहायची.

धाकटा दीर नुरुद्दीन याच्याकडे ठासणीची बंदूक होती आणि त्याची सासू गुडघ्यांनी बेजार होती. धनेशाची चरबी चोळली की म्हातारी माणसं पळायला लागतात, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं.

"नुरू, आत बाय कोंडलीय. अल्लाला काय जवाब देशील?" सफुरा म्हणाली.

"भाबी, आधी सासूला काय जवाब देऊ ते सांग," तो हसला. "जुम्म्याची नमाज झाली की येतो."

आदल्या दुपारी वाडी झोपलेली असताना सफुराने ईदच्या रंगसफेदीतला उरलेला चुना कालवला आणि काथ्याचा कुंचला घेऊन मागे गेली. हद्द बेहड्यापर्यंत वाकवायची तर मधली झाडंही घेणं भाग होतं. दोन आंबे झाले, किंजळ झाला. फणसापाशी हात थांबला. घराच्या दारासाठी इक्बालने तो लग्नापासून राखला होता. पण फणस सोडला तर हद्दीला भोक पडत होतं. तिने डोळे मिटून कुंचला फिरवला.

शुक्रवारी नुरुद्दीन आला, पट्टे पाहून चरकला. सरकारचा नेम नाही, असं म्हणत आल्या पावली परत गेला.

वैशाखात इक्बाल आला तो सुतारालाच घेऊन फणसाखाली गेला. मागोमाग नुरुद्दीनही. आपल्या फणसाला पट्टा कसला, म्हणत इक्बालने पहिला घाव घालायला लावला आणि आवाजावर रानाचा राखणदार धर्माजी धावत आला. पट्टा पाहून तो बुचकळ्यात पडला.

"ह्यो पट्टा मी न्हाय मारलेला. तांडेल, ही झाडं कुणाची?"

"आमचीच!" नुरुद्दीन एकदम खुलला आणि त्याची नजर बेहड्याकडे गेली. नर नुकताच उंबर घेऊन बसत होता.

सफुरा बांधावर उभी होती. खरं सांगावं तर पाखरू जातं, गप्प राहावं तर नवऱ्याचं दार जातं.

इक्बालने पलीकडची झाडं पाहिली. तिथले पट्टे धर्माजीच्या छातीइतके होते, इकडचे त्याच्या कमरेला लागत होते. मग त्याने आपल्या ठेंगण्या बायकोकडे पाहिलं.

"सरकारची हायत," तो म्हणाला आणि सुताराला घेऊन घराकडे वळला.

जेवताना सफुराने रडत रडत सगळं सांगितलं. त्याने ताट संपवलं आणि उठून सुताराकडे गेला. त्याच महिन्यात आंब्याच्या स्वस्त फळ्यांचं दार बसलं. पावसाच्या तोंडावर बेहड्यातली पिल्लं उडाली.

पावसाने पट्टे धुऊन नेले. गलबत सुटायच्या आदल्या दिवशी इक्बाल चुन्याचा डबा घेऊन मागे गेला. परत आला, तेव्हा कोपरापर्यंत पांढरा झाला होता. त्याने कुंचला तिच्यापुढे ठेवला.

"येडे," तो म्हणाला, "सरकार येवढ्या खाली पट्टा मारतं व्हय?"