बारा गाण्यांची तबकडी

लग्नात भोंगा लावणाऱ्याला जेवण सगळ्यात शेवटी मिळतं, पण किस्से मात्र पोटभर! पालघरला मी आणि माझा भागीदार बबन, दोघांनी मिळून हा धंदा केला. साठ-पासष्टचा काळ. त्यातले हसायचे किस्से बबन सांगायचा. उरलेले माझ्याकडे राहिले.

आधी तबकडीच्या एका बाजूला एकच गाणं. तीन मिनिटांत संपलं की पळा! मग बबननं मुंबईहून मोठी तबकडी आणली. सिनेमातली गाजलेली बारा गाणी, गाणारे सगळे वेगवेगळे. "आता एक बाजू संपेस्तोवर निवांत बिडी ओढायची!" बबन खूश.

माकुणसारला पहिलंच लग्न. पहिलं गाणं झकास झालं. दुसरं निघालं प्रेमभंगाचं, नुसतं रडगाणं! नवऱ्याचा बाप धावत आला. "ओ माईकवाले, लगीन हाय का मयत?"

बबन म्हणाला, "काका, सुख-दुःख कंपनीनंच एका तबकडीत घातलंय. आमी काय करनार!"

*

बोईसरला वीजकेंद्राच्या कामावर आलेल्यांच्या चाळीत सत्यनारायण होता. साताऱ्याकडचा एक फिटर सारखा येऊन तबकडीवरली अंगाई लावायला सांगायचा. तिसऱ्या वेळी बबननं विचारलं, "घरी तान्हं आहे वाटतं?"

"मुलगी झाली होती. बघितली नाही मी."

"अहो, मग रजा टाका की!"

"रजा मिळाली होती. पोरगीच थांबली नाही."

बबननं पिन पुन्हा अंगाईवर ठेवली.

*

मासवणच्या पाड्यावर वीज नव्हती. आम्ही मोटारीची बॅटरी डोक्यावरून नेली. नवरा-नवरी दुसऱ्याच दिवशी वीटभट्टीवर निघणार होती, ती थेट पावसाळ्यापर्यंत. त्यामुळे कोणी उठेचना. दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाजवल्या. शेवटी बॅटरी उतरली, तबकडी मंदावली, आणि गाणाऱ्या बाईचा हळूहळू बाप्या झाला!

बबन बंद करायला गेला, तर नवऱ्यानं त्याचा हात धरला. "बाप्या तं बाप्या. गाऊ दे त्याला!"

*

नवापूरला एका मुलीची हळद होती. तिच्या भावाच्या, जानूच्या हळदीलाही आम्हीच होतो. तेव्हा त्यानं एकच गाणं चार वेळा लावायला लावलं होतं, आणि आईला ओढून नाचवलं होतं. पुढं त्याची होडी समुद्रात गेली ती आलीच नाही.

मुलीच्या काकानं मला आधीच बाजूला घेतलं. "भाऊ, जानूचं गानं तेवढं नको. वयनीला सोसायचं नाय."

ते गाणं तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, मधोमध. त्याच्या आधीचं गाणं संपलं, तशी मी पिन उचलली. पुढच्या गाण्यावर ठेवायची, एवढंच काम. पण जागा सापडेना. मांडवात सगळं गप्प झालं. नाचणाऱ्या बाया होत्या तिथं थांबल्या. का थांबवलं, हे एकानंही विचारलं नाही.

चुलीकडून जानूची आई आली. हात हळदीनं भरलेले. माझ्यासमोर उभी राहिली.

"लाव रं पोरा," ती म्हणाली. "बंद केलंस तं जास्तच आयकू येतं."