काढलेल्या नळ्यांची गोणी

कुंडलिक तायडेला एकच धास्ती होती. गाडी रस्त्यात बंद पडली, की आपली नोकरी गेली. मुलुंडच्या चैतन्यसाहेबांची ती दांडगी परदेशी गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. वडील गेले, गाडी म्हातारी झाली, आणि तिच्याबरोबर कुंडलिकही. साठीला टेकलेल्या ड्रायव्हरला आता नवीन कोण ठेवतो हो? साहेब स्वतःची छोटी गाडी स्वतःच चालवायचे. ही मोठी फक्त त्यांच्या आईला डॉक्टरकडे न्यायला. एकदा का हिचं इंजिन तापून बसलं, की साहेब ती भंगारात काढणार आणि कुंडलिकला घरी बसवणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून त्याने साहेबांचं डोकं खाल्लं. "साहेब, इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्या प्लॅस्टिकच्या आहेत. कडक झाल्यात पार. पाण्याचा पंपही जुना. फुटायच्या आधी बदलू या ना."

"फुटलंय का काही?"

"नाही ना, म्हणून तर बोलतोय!"

साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू गॅरेजवाल्याशी ह्याचं साटंलोटं आहे हे ह्याच्या कपाळावरच लिहिलंय. कुंडलिकने तो अपमान मुकाट गिळला. शेवटी आईच म्हणाल्या, "बदल रे बाबा एकदाचं. मला नाही भर उन्हात हायवेवर उभं राहायचं." तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

भांडुपला मिथुनच्या गॅरेजमध्ये कुंडलिक दिवसभर स्टूल टाकून बसला. रेडिएटर, नळ्या, पंप, सगळं नवीन टाकून घेतलं. जुनी नळी मिथुनच्या हातात बिस्किटासारखी तुटली. "काका, वाचलात! हिची वाट लागलीच होती." कुंडलिकला एवढं हायसं वाटलं की त्याने सगळ्या गॅरेजला चहा पाजला. काढलेले पार्ट त्याने गोणीत भरून डिकीत ठेवले. मालकाच्या मनात संशय नको म्हणून जुना माल दाखवायचा, ही ड्रायव्हर लोकांची रीतच आहे. साहेबांनी मात्र गोणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एका रविवारी साहेब एका तरुणाला घेऊन पार्किंगमध्ये उतरले. "कुंडलिक, हे सुयोग, बोरीवलीहून आलेत. काय काय काम केलंस ते सांग ह्यांना."

कुंडलिकच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे संशय गेलेला नाहीच! जाणकार माणूस तपासायला आणलाय! मग काय, त्याने गोणीच जमिनीवर रिकामी केली. तुटकी नळी सुयोगच्या हातात दिली. बॉनेट उघडून नवीन पार्ट एकेक करून दाखवला, एसी लावून इंजिन चालू ठेवलं. "बघा, तापमानाचा काटा हलतोय का! घाटात न्या, कुठेही न्या. आता ही दगा द्यायची नाही."

"झकास, काका!" सुयोग खूश झाला. "एवढी जपलेली जुनी गाडी मी बघितलीच नाही." आणि साहेबांकडे वळून म्हणाला, "ठरलं. घेतली मी."

कुंडलिकचा हात बॉनेटवरच राहिला. तरी लाज सोडून त्याने विचारलं, "ड्रायव्हर लागेल ना तुम्हाला?"

"नाही हो काका. मला चालवायची भारी हौस आहे."

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुला. मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. आई आता टॅक्सीने जाईल. तू महिनाअखेरपर्यंत ये." वर हे कौतुक! कुंडलिकला त्या हाताची शिसारी आली. पण तो "बरं साहेब" म्हणाला, कारण दुसरं काही म्हणायची सवयच नव्हती.

विक्रोळीला घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. नंदा भाजी निवडत ऐकत होती. तिचे हात थांबले.

"तशीच ठेवली असती, तर कोण कुत्रं घेणार होतं ती गाडी?"

"नळी फुटायला आली होती गं," कुंडलिक म्हणाला.

"मग फुटू द्यायची होती!"