नाझियाच्या भिंतीसमोर एक तास

बिबवेवाडी ते विश्रांतवाडी हा काही प्रवास नव्हे, असं आई म्हणाली. तुम्हीही म्हणाल. पण नाझिया सात महिने माझ्याशी बोललेली नाही, आणि ज्या आयरिश बाईंची वाक्यं वापरून मी तिला दुखावलं, त्यांना प्रत्यक्ष ऐकलेला माणूस विश्रांतवाडीत राहतो. म्हणून रविवारी सकाळी निघालो.

बाई आधुनिक चित्रांच्या समीक्षक. त्यांच्या देशात लोक नव्या चित्रांना हसायचे, तेव्हा त्यांनी रेडिओवरून त्यांना बघायला शिकवलं. मी मात्र त्यांची खरमरीत वाक्यं तेवढी पाठ केली. चित्रकला कॉलेजात नाझियानं येरवडा तुरुंगाच्या भिंतीचं चित्र काढलं, तेव्हा अख्ख्या वर्गासमोर तसंच एक फेकलं, "भिंत रिकामी आहे, काढणारीच्या डोक्यासारखी." शिक्षक ओरडले, मी त्यांच्याशी भांडलो आणि कॉलेजच सोडलं.

जाणाऱ्यांनी बसचा दिवसाचा पास काढावा, स्टेशनला बस बदलावी. पोहेही तिथेच खाऊन घ्यावेत. विश्रांतवाडीचे कांबळे सर चहापलीकडे विचारत नाहीत.

सर निवृत्त चित्रकला शिक्षक. तरुणपणी शिष्यवृत्तीवर डब्लिनला गेले, तिथे बाईंची व्याख्यानं ऐकली. नाझिया शाळेत असताना त्यांच्याच क्लासला जायची. तिचं ते भिंतीचं चित्र त्यांच्या हॉलमध्ये टांगलेलं.

"सर, बाई लिहायच्या कशा?"

"आधी बसायच्या. वाईट लिहायचं असलं तर चित्रासमोर एक तास, घड्याळ लावून. मग दिसलं तेवढंच लिहायचं. मत शेवटी. पुष्कळदा ते उरायचंच नाही. नाझियानं सांगितलंय मला. आपण तिचं चित्र किती वेळ बघितलं होतंत?"

"दोन मिनिटं असतील."

"बरंच म्हणायचं." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. मी भाजी आणतो."

विसाव्या मिनिटाला पाठ दुखायला लागली. चाळिसाव्याला भिंतीच्या तळाशी डाग दिसले, ओळीनं, तेलकट. खाली बसून डोकं टेकलं की केसांच्या तेलाचे पडतात तसे. कैद्यांच्या भेटीसाठी ताटकळणाऱ्यांचे. चित्रात माणूस एकही नव्हता आणि रांग पूर्ण होती.

परतताना येरवड्याला उतरलो. भिंतीशी टेकून बसलो आणि नाझियाला मेसेज लिहिला. एक तास बसून काय दिसलं तेवढंच. मत नाही, सबबही नाही.

घरी जेवताना उत्तर आलं, "उजवीकडून तिसरा डाग माझा. महिनाभर बसायचे तिथं भेटीला येणाऱ्या बायकांसोबत. तू एक तास बसलास? बरंच म्हणायचं."

"काय लिहिलंय एवढं?" आईनं विचारलं.

मी वाचतोय. तास व्हायचाय अजून.